टाइल्स आल्यात, साहेब

रविवारी दुपारी जेवायला बसलो होतो, शीत-कडी पानात वाढलेली, आणि फोन वाजला. रविवारी दीड वाजता मला फोन करणारे दोनच प्रकारचे लोक, एक क्रेडिट कार्डवाले आणि दुसरे देवळाच्या कमिटीवाले. हा दुसऱ्यातला निघाला. "साहेब, टाइल्स आल्यात," तो म्हणाला, घरात बारसं असावं इतक्या आनंदाने. "व्हिट्रिफाइड, एकदम चकाचक, अर्ध्या भावात मिळाल्या. उद्या मेस्त येतोय. म्हटलं तुम्हाला आधी सांगून ठेवावं, नंतर उगाच भानगड नको."

मी म्हटलं, बाबा रे, उद्या एकही टाइल लावू नकोस, मी सकाळी येतो. फोन ठेवून बघतो तर बायकोने माझ्या पानातली इसवणाची तुकडी उचलून मुलाच्या पानात टाकलेली. वीस-बावीस वर्षं झाली लग्नाला, तिला कळतं की आता ह्याचं जेवणात लक्ष नाही.

तर मी गोव्यातला सरकारी पुरातत्त्ववाला. घरात पाहुणे आले की आई अजूनही "तो सरकारात आहे" एवढंच सांगते, पुढचं तिला नीट सांगता येत नाही आणि खरं म्हणजे मलाही येत नाही. लोकांना वाटतं आम्ही दिवसभर हातात ब्रश घेऊन खड्ड्यात बसतो आणि संध्याकाळी सोन्याचे हंडे वर काढतो. लग्नात, बाराव्याला, कुठेही गेलो की कोणीतरी जवळ सरकून हळूच विचारतोच, "खरं सांग, कधी काय मिळालं काय?" माझ्याकडे ह्याचं ठरलेलं उत्तर आहे. १८७८ चा एक कायदा अजून लागू आहे, त्याप्रमाणे जमिनीत लपवलेलं दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं तर ते कलेक्टरला कळवावं लागतं. दहा रुपये! आज दहा रुपयांत येतं तरी काय? हे ऐकलं की विचारणारा हसतो आणि विषय बदलतो.

पण कधी कधी कोणी खरंच ऐकायच्या मूडमध्ये असला तर मी त्याला जुन्या गोव्याच्या सेंट ऑगस्टीनची गोष्ट सांगतो. तो ४६ मीटर उंच मनोरा सगळ्यांनी बघितलेला असतो, फोटोही काढलेले असतात. चर्च १६०२ चं, पुढे १८३५ मध्ये साधूंना तिथून जावं लागलं, १८४२ मध्ये छत कोसळलं, १९३१ मध्ये पुढची भिंत आणि मनोऱ्याचा अर्धा भाग खाली आला. त्या ढिगाऱ्यात एएसआयची, म्हणजे केंद्राच्या पुरातत्त्व खात्याची माणसं वर्षानुवर्षं शोधत होती ते सोनं नव्हतं. जॉर्जियाची राणी केतेवान, जिला १६२४ मध्ये शिराझला शाह अब्बासने मारलं आणि जिचे अवशेष ऑगस्टिनियन साधूंनी गोव्यात आणले, तिच्या हाडांचा शोध चालला होता. १९८९ च्या सुमाराला शोध सुरू झाला, २००४ मध्ये हाड मिळालं, मग हैदराबादच्या सीसीएमबी ह्या प्रयोगशाळेत डीएनए तपासून २०१३ मध्ये खात्री झाली, आणि २०२१ मध्ये आपल्या परराष्ट्रमंत्र्यांनी ते जॉर्जियाला नेऊन दिलं. म्हणजे हाताच्या एका हाडासाठी बत्तीस वर्षं. इथपर्यंत आलो की ऐकणारा साधारणपणे बुफेच्या लायनीत निघून गेलेला असतो.

माझं रोजचं काम तसंही ह्याहून फिकं आहे. फायली. एक चौदाचा, म्हणजे जमिनीचा उतारा काढा, सर्व्हे प्लॅनवर स्मारक नक्की कुठल्या सबडिव्हिजनमध्ये येतं ते बघा, भाटकार म्हणजे जमीनमालक कोण, मुंडकार म्हणजे त्याच्या जमिनीत घर करून राहणारा कोण, देवस्थान असेल तर महाजन म्हणजे त्याचे हक्कदार कोण, त्यांची आपसातली केस कुठल्या कोर्टात आहे. केंद्राच्या संरक्षित स्मारकापासून १०० मीटरच्या आत नवीन बांधकाम बंद आणि पुढचे २०० मीटर परवानगीने, हे २०१० पासून कायद्यात आहे, त्यामुळे टेप घेऊन कोणाच्या तरी अंगणात उभं राहायचं आणि त्याच्या पोराच्या लग्नासाठी काढायची खोली ९७ मीटरवर येते हे त्याला सांगायचं. त्या वेळी त्याची म्हातारी आतून आपल्यासाठी चहा घेऊन येत असते. तो चहा गोड लागत नाही.

आणि एवढं करून आमच्या हातात किती? गोव्यात केंद्राच्या यादीत २१ स्मारकं, राज्याच्या १९७८ च्या कायद्याखाली आणखी ५१. बाकीचं सगळं उघड्यावर. वाटेवरचे वीरगळ, भाटातल्या सतीशिळा, तळ्याकाठचा वेताळ, रोयणीच्या, म्हणजे वारुळाच्या शेजारी ठेवलेली सातेरी देवी, बांधावर पालथी पडलेली कोणाची तरी मूर्ती जिच्यावर बायका कपडे धुतात. ते कुठल्याच यादीत नाही. ते टिकलंय ते गावामुळे, आणि जातंय तेही गावामुळेच, आणि ह्या दोन्ही वेळी गावाच्या मनात भक्तीच असते, हे समजायला मला फार वर्षं लागली.

सोमवारी सकाळी पोचलो. सत्तरी तालुक्यातलं गाव, मे महिना, काजूच्या बोंडांचा आंबूस वास सगळीकडे. देऊळ तसं नवं, ऐंशीच्या दशकातलं आरसीसी, त्याच्याबद्दल माझं काही म्हणणं नव्हतंच. माझी भानगड मागे होती. देवळामागे सातविणीच्या झाडाखाली पाच शिळा उभ्या आहेत, त्यातले दोन वीरगळ, एक सतीची, एक इतकी झिजलेली की काही सांगता येत नाही, आणि मधोमध गजलक्ष्मी. हात-सव्वा हात उंचीची, काळसर दगडातली, दोन्ही बाजूंना हत्ती सोंडेत कलश धरून तिच्यावर पाणी ओततायत. गोव्यात अशा गजलक्ष्मी गावोगाव आहेत, कुठे तिला केळबाय म्हणतात, कुठे भाऊका. काही तर सुंदर आहेत. ही सुंदर होती.

होती म्हणतो, कारण कमिटीने तिला ऑइल पेंट दिला होता. हिरवी साडी, सोनेरी काठ, लाल कुंकू, काळेभोर डोळे थेट आपल्याकडे बघणारे, आणि हत्ती गुलाबी. बेबी पिंक. मी थोडा वेळ बोललोच नाही. सेक्रेटरी, पोरगा चांगला आहे, वेर्णाला फार्मा कंपनीत शिफ्टमध्ये जातो, माझ्याकडे बघून हसत म्हणाला, "किदें सोबीत दिसता पळय!" म्हणजे बघा किती सुंदर दिसतंय. मग मला बरं वाटावं म्हणून मराठीत, "साहेब, रंग साधा नाही हां, एक्स्टिरियर आहे, सात वर्षं गॅरंटी."

प्लॅन असा होता की ह्या पाचही शिळा भोवती चौथरा बांधून त्यात पक्क्या करायच्या, मागे टाइल्सची भिंत, वर पत्र्याची शेड आणि एक एलईडी. पैसे सगळ्यांनी काढले होते, बोटीवर काम करणाऱ्या एकाने तर दोन महिन्यांचा पगार दिला होता. आता ह्या माणसांना मी काय म्हणू? की तुम्ही वाईट केलंत? जागा संरक्षित नाही, त्यामुळे माझ्याकडे नोटीस नाही, कलम नाही, दंड नाही. नुसतं तोंड आहे.

आणि तोंड उघडायला मला जरा जडच जातं, कारण ह्यापेक्षा मोठा घोटाळा मी स्वतः केलाय, तोही सरकारी खर्चाने.

नोकरीला लागून जेमतेम दोन वर्षं झाली होती. एका किल्ल्याच्या तटाचा एक तुकडा, आठ-दहा मीटर असेल, चिऱ्याची भिंत, सांधे रिकामे झालेले, आत पिंपळाची मुळं. फंड मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आला. सरकारी नोकरीत असलेल्यांना हे वाक्य वाचूनच घाम फुटेल. ३१ मार्चपर्यंत खर्च केला नाही तर पैसे परत. मी एस्टिमेट केलं, सांधे सिमेंटने भरून घ्यायचे ठरवलं, एक भाग सिमेंटला चार भाग वाळू, वरिष्ठांनी सही केली, कंत्राटदाराने नऊ दिवसांत काम उडवलं, २९ तारखेला बिल पास. भिंत काय दिसत होती म्हणून सांगू, रेघा मारल्यासारखी. मी आईला नेऊन दाखवली.

चार-पाच पावसाळ्यांनंतर तीच भिंत बघायला गेलो आणि आधी मला कळेचना की काय बघतोय. सिमेंटच्या रेघा तशाच्या तशा पुढे उभ्या, आणि त्यांच्या मधला चिरा आत गेलेला. दोन-दोन बोटं आत. मधाचं पोळं असतं ना, तसं. बोट लावलं तर चिऱ्याची लाल भुकटी हातात येत होती.

कारण अगदी साधं आहे आणि तेव्हा मला शिकवलेलंही होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. चिरा म्हणजे जांभा, लोह आणि ॲल्युमिनियमने भरलेला भोकाभोकाचा दगड, तो पाणी पितो. गोव्यात पाऊस पडतो तीन हजार मिलिमीटरच्या आसपास, तो सगळा भिंतीत शिरतो आणि ऊन पडलं की बाहेर यायला बघतो. सांध्यात चुना असला तर पाणी सांध्यातून बाहेर येतं, चुना दगडापेक्षा मऊ, झिजला तर चुना झिजतो, दहा-वीस वर्षांनी पुन्हा भरायचा. सिमेंट भरलं की ती वाट बंद. मग पाणी चिऱ्यातूनच बाहेर पडतं आणि येताना मीठ घेऊन येतं, समुद्र जवळ असला तर विचारूच नका, आणि ते मीठ सुकताना फुगतं आणि चिऱ्याचे कण उडवतं. म्हणजे मी भिंत मजबूत केली होती आणि त्या मजबुतीनेच भिंत खाल्ली.

कोणी मला काही बोललं नाही. फाइल क्लोज झालेली, ऑडिट झालेलं, सगळं नियमात. हेच जास्त लागलं.

ते सिमेंट काढायचं काम पुढे मीच मागून घेतलं आणि तिथे मला एक म्हातारा मेस्त भेटला. सत्तरीच्या पुढचा माणूस, बिडी ओढायचा, माझ्याशी कोंकणीत बोलायचा आणि माझ्या मराठी फायलींना हसायचा. त्याने पहिल्या दिवशी छिन्नी हातात घेतली, सिमेंटवर एक टोला घातला, कान लावून ऐकलं आणि म्हणाला, "हें कोणें केलां?" मी म्हटलं, मी. त्याने परत एकदा माझ्याकडे बघितलं आणि मग दिवसभर तो विषय काढला नाही. असे लोक आता कमी आहेत.

चुना कसा करतात ते मी त्याच्याकडून शिकलो. कॉलेजात शिकलो होतो ते सूत्र, म्हणजे शिंपल्या भाजल्या की कार्बन डायऑक्साइड उडून जातो, उरलेल्या कळीच्या चुन्यात पाणी घातलं की तो उकळून फुटतो, आणि भिंतीत गेल्यावर तोच वायू हवेतून परत ओढून घेऊन तो हळूहळू पुन्हा दगड होतो. छान आहे सूत्र. पण खड्ड्यात चुना भिजत घातला की त्यावर चार बोटं पाणी कायम राहिलं पाहिजे, रोज दांड्याने ढवळला पाहिजे, गुळाचं पाणी किती आणि कधी, वाळू नदीची आणि धुतलेली, आणि लावल्यावर ओलं गोणपाट टाकून त्याला सावलीत ठेवायचं नाहीतर तडकतो, हे सूत्रात कुठे आहे? तिसऱ्या खाऊन आपण ज्या शिंपल्या परसात फेकतो त्याच्यावर गोव्यातली अर्धी देवळं आणि चर्चेस उभी आहेत, हे मला त्या खड्ड्याच्या काठावर बसून कळलं.

आठवडा झाला, दोन झाले, खड्ड्यात चुना नुसता पडलेला. ऑफिसातून फोन, प्रोग्रेस काय? मी मेस्तला विचारलं, कधी लावायचा? तो म्हणाला, "चुन्याक घाय ना, साहेब. घाय सरकाराक."

बिल करताना खरी मजा. मेझरमेंट बुकात सगळं क्यूबिक मीटर नाहीतर स्क्वेअर मीटरमध्ये लिहायचं असतं. एकवीस दिवस दोन माणसं चुना ढवळत होती, ते कशात मोजायचं? ऑडिटवाल्याने लाल पेनने लिहिलं, "सदर कालावधीत प्रत्यक्ष काम झाल्याचे दिसत नाही." बरोबरच होतं त्याचं, दिसत नव्हतं. मी चार पानांचं उत्तर दिलं, त्यावर आणखी एक शेरा, असं आठ महिने चाललं. मेस्तचे पैसे शेवटी निघाले, पण तोवर चवथ, म्हणजे गणपती, होऊन गेली होती आणि त्याला ते चवथीला हवे होते. ह्याची मला अजून लाज वाटते, भिंतीपेक्षा जास्त.

तर आता मी त्या सातविणीखाली उभा राहून कमिटीला शहाणपण कुठल्या तोंडाने शिकवणार होतो? आणि खरं सांगू का, शिकल्यासवरल्या लोकांनी तरी काय वेगळं केलंय. बॉम जेझूची बासिलिका घ्या. १६०५ मध्ये अर्पण झालेली, सेंट फ्रान्सिस झेवियरचं शव तिथे आहे, जगभरातून माणसं येतात आणि त्या लालसर उघड्या चिऱ्याच्या भिंतीसमोर उभं राहून म्हणतात, वा, काय जुनं दिसतं! तिच्या भिंती मुळात उघड्या नव्हत्याच. तीनशे-साडेतीनशे वर्षं त्यावर चुन्याचा गिलावा होता, रस्त्यापलीकडचं से कॅथेड्रल आजही पांढरं आहे तसा. १९५० च्या दशकात, पोर्तुगीज सरकारच असताना, एका मोठ्या आर्किटेक्टने तो गिलावा काढून टाकला, इमारत आणखी जुनी आणि भारदस्त दिसावी म्हणून. तेव्हापासून दर पावसाळ्यात तो चिरा भिजतोय. परत गिलावा करावा की नाही ह्यावर अधूनमधून वाद पेटतो आणि विरोध करणाऱ्यांचं म्हणणं काय, तर आम्हाला ती अशीच लाल बघायची सवय आहे, पोस्टकार्डावर ती लालच आहे. मला विचाराल तर करावा. पण हे मी जेवणाच्या टेबलावर बोलतो, मीटिंगमध्ये नाही.

सांगायचा मुद्दा, आमच्या सेक्रेटरीला देवी नवी दिसायला हवी होती म्हणून त्याने रंग चढवला, आणि त्या मोठ्या आर्किटेक्टला चर्च जुनं दिसायला हवं होतं म्हणून त्याने कातडी सोलली. दोघांचाही जीव होता त्यात. दगडाला विचारायचं मात्र राहून गेलं.

ह्यावरून कुर्डी आठवतं. सांगे तालुक्यातलं कुर्डी, मोगूबाई कुर्डीकरांचं कुर्डी. साळावली धरण झालं तेव्हा ८० च्या दशकात गाव पाण्याखाली गेलं, माणसं वाडे आणि वालकिणीच्या वसाहतींत गेली. तिथलं कदंबकाळातलं महादेवाचं देऊळ मात्र एएसआयने दगड दगड नंबर घालून उतरवलं आणि धरणाजवळ नेऊन जसंच्या तसं परत उभं केलं. आमच्या धंद्यात ह्याला सलाम करावा असंच ते काम आहे, मी नवीन पोरांना मुद्दाम नेऊन सांध्यांची ओळ दाखवतो. पण मेमध्ये पाणी उतरलं की जुन्या कुर्डीच्या चिखलातून सोमेश्वराचं देऊळ वर येतं, तिथे गावचे लोक वाडे-वालकिणीहून येतात, ख्रिश्चन आपल्या कपेलच्या, म्हणजे छोट्या चर्चच्या जागी फेस्त करतात, हिंदू सोमेश्वराकडे, ह्या खांबापाशी आमचं घर होतं, त्या विहिरीवर आई पाणी भरायची, असं पोरांना सांगत फिरतात, आणि जून लागला की सगळं परत पाण्यात. एका मेमध्ये मी सकाळी नेलेल्या देवळाकडे गेलो आणि दुपारी न नेलेल्याकडे. सकाळी मी, एक वॉचमन आणि झोपलेलं कुत्रं. दुपारी गाडी लावायला जागा नव्हती.

ह्यातून काय घ्यायचं ते मला अजून ठरवता आलेलं नाही. देऊळ हलवलं नसतं तर ते वर्षातले दहा-अकरा महिने पाण्यात राहिलं असतं आणि आज तो कोरीव दगड आपल्याला दिसला नसता. ते हलवायलाच हवं होतं. तरी मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

असं माझं होतं म्हणून मी आता कुठल्याही गावात गेलो की आधी ऐकतो. कुशावतीच्या काठी उसगाळीमळला जांभ्यावर कोरलेली शंभरांहून जास्त चित्रं आहेत, बैल, मोर, आणि तो गोल गोल चक्रव्यूह, ती १९९३ मध्ये 'सापडली' असं पुस्तकांत असतं. गावातल्या लोकांना ती जागा ठाऊक होती, त्यांनी दाखवली म्हणून आमच्या लोकांना दिसली. सापडणं हा शब्द आम्ही फार सहज वापरतो.

तर सोमवारी. बोलून बोलून घसा बसला, चहा दोनदा झाला. मी वीरगळावरचं युद्ध दाखवलं, खाली मेलेला वीर, वर अप्सरा त्याला घेऊन जातायत, त्याच्या वर कैलासात शिवलिंगाची पूजा करणारा तोच वीर. जुन्या गोव्याच्या म्युझियममध्ये असे वीरगळ आहेत की ज्यांच्यावर जहाजांची लढाई कोरलीय, तुमच्या ह्या दगडावरही कदाचित असेल, पण तुम्ही सिमेंटात गाडल्यावर खालची पट्टी कायमची गेली, असं सांगितलं. पोरांनी मोबाइलचे टॉर्च लावून बघितलं, जहाज नव्हतं, घोडा होता, तरी पोरं खूश. रंग मात्र काढायला कोणी तयार होईना. सात वर्षं गॅरंटी. एक म्हणाला, साहेब, देवीचे कपडे उतरवल्यासारखं होईल ते. ह्यावर माझ्याकडे खरंच उत्तर नव्हतं.

इतका वेळ एक म्हातारी बाजूला बसून होती, तुळशीच्या पाराला टेकून. सगळे तिला काकी म्हणत होते. वर्षानुवर्षं दर शुक्रवारी ती देवीला खोबरेल लावते, आधी तिची सासू लावायची. ती उठली, गजलक्ष्मीकडे गेली, गुलाबी हत्तीवर हात फिरवला आणि कोणाला उद्देशून नाही अशी म्हणाली, "आदीं तेल पियेताली रे ती. आतां पियेनाच. सगळें सकयल व्हांवता."

आधी तेल प्यायची, आता पीतच नाही, सगळं खाली ओघळतं.

कोणी काही बोललं नाही. मी तर अजिबात नाही. चार पानांची उत्तरं लिहून, कलमं सांगून, मीठ आणि वाफ आणि भोकं समजावून मी बावीस वर्षांत जे ऑडिटवाल्याला पटवू शकलो नाही ते तिने एका वाक्यात सांगितलं होतं. सेक्रेटरी मान खाली घालून पायाने माती उकरत होता. मग म्हणाला, "काकी, मग तूं आदीं कित्याक सांगलें ना?" तिने त्याच्याकडे अशा नजरेने बघितलं की मला सांगता येणार नाही. तिला कोणी विचारलंच नव्हतं.

रंग घासून काढायला पोरं लगेच धावली, त्यांना थांबवलं. वायर ब्रश लावला असता तर रंगाबरोबर हत्तीचा डोळाही गेला असता. रसायनवाला आणावा लागतो, आधी कोपऱ्यात छोटा तुकडा साफ करून बघावा लागतो, मग पुढचं. त्याला वेळ मिळायला पावसाळा जवळ आला. जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही दोघे गेलो, त्याने उजव्या हत्तीच्या पायापाशी दोन बोटांएवढी जागा घेतली, लेप लावला, झाकला, थांबला, पुसला, परत लावला. चारेक तास. शेवटी गुलाबीच्या खालून तो काळसर दगड वर आला आणि त्यावर हत्तीच्या पायातली साखळी, तीन कड्या, जी मी पूर्वी दोनदा येऊनही बघितली नव्हती, कारण तेव्हा तिच्यावर तेलाचा थर होता. हेही सांगून टाकलं पाहिजे. नियमाप्रमाणे तेलसुद्धा लावू नये. त्यावर धूळ बसते, थर साठतो, कोरीवकाम भरून जातं. ट्रेनिंगमध्ये पहिल्या दिवशी शिकवतात.

संध्याकाळी सामान आवरत होतो तेव्हा काकी बाटली घेऊन आली. शुक्रवार नव्हता. ती त्या दोन बोटांच्या जागेसमोर कष्टाने उकिडवी बसली, बोटाने एक थेंब लावला आणि थांबली. आम्ही दोघंही बघत राहिलो. रसायनवाल्याने माझ्याकडे बघितलं, म्हणजे साहेब, तुम्ही बोला. मी किटबॅगेची चेन लावत राहिलो. थेंब थोडा वेळ तसाच चमकत राहिला आणि मग हळूहळू आत गेला.

टाइल्स पुढे देवळाच्या स्वयंपाकघरात लागल्या. जात्रेला जेवायला बोलावलं होतं तेव्हा बघितल्या, खरंच चकाचक आहेत.